पानगळीचे रंग आणि छायाचित्राची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेच्या कितीतरी पिढ्यांच्या हाती पेन्सिल आणि रंगपेटी दिली. त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानासाठी संस्थेने मला पाचारण केले, हा मी माझा सन्मान समजतो. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. नोकरीनिमित्त आयुष्याची सव्वीस वर्षे कॅलिफोर्नियात काढली आणि त्या काळात दर वर्षी एका पर्वतरांगेच्या कुशीतील सरोवरांकाठी पानगळीच्या रंगांची छायाचित्रे घेत राहिलो. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

छायाचित्रण हा विषय इंदूरला परका नाही. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालचा, सरधन्याचा. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि कॅमेरा त्यांनी हाती धरला तो याच शहरात. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना 'राजा' हा किताब दिला. चित्रकलेच्या बाबतीत तर देवळालीकर मास्तरांची परंपरा आपल्या डोळ्यांसमोर आहे. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन ही त्यांच्या हाताखालून गेलेली नावे. अशा गावात रंगाविषयी बोलताना वक्त्याने जपूनच बोलावे. म्हणून मी सुरुवातीलाच माझे म्हणणे एका वाक्यात सांगून ठेवतो. पानगळीचा रंग टिपणे ही कौशल्याची गोष्ट आहे आणि ते कौशल्य शिकता येते. परंतु त्या रंगाखाली काय उगवत आहे आणि काय उगवेनासे झाले आहे, हे टिपणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. पहिल्या भागात मी कौशल्याविषयी बोलेन आणि दुसऱ्या भागात जबाबदारीविषयी.

प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर करू. इंग्रजीतील 'ऑटम'ला आपण शरद म्हणतो. पण शरद म्हटले की आपल्या मनात निरभ्र आकाश, कोजागिरीचे चांदणे आणि शेतातील काढणीची लगबग उभी राहते. झडणारी पाने आपल्याला शिशिरात भेटतात. माळव्यातील साग आणि पळस माघ-फाल्गुनात निष्पर्ण होतात, कारण पुढे उन्हाळा आहे आणि जमिनीतील पाणी पुरवून वापरायचे आहे. थंड प्रदेशातील झाडे आश्विनात पाने टाकतात, कारण पुढे बर्फ आहे. दोन्हीकडे झाड काटकसरच करते. एकीकडे तहानेच्या भयाने, दुसरीकडे गोठण्याच्या भयाने. कालगणनेचा योगायोग मात्र मोठा सुंदर आहे. आपण दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून एकमेकांच्या हाती ठेवतो, त्याच पंधरवड्यात सिएरा नेवाडाच्या उतारांवर अ‍ॅस्पेनची पाने खरोखरच सोन्याच्या रंगाची झालेली असतात.

सिएरा नेवाडा ही कॅलिफोर्नियाची सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांबीची पर्वतरांग. तिची रचना समजून घेण्यासाठी आपला सह्याद्री डोळ्यांसमोर आणावा आणि त्याचे एक अंग उलटे करावे. सह्याद्रीला पाऊस पश्चिमेकडून मिळतो आणि कडाही पश्चिमेकडेच, कोकणात कोसळतो. सिएरालाही ढग पश्चिमेच्या महासागराकडूनच येतात. मात्र तिचा पश्चिम उतार लांब आणि सौम्य आहे, आणि कडा आहे तो पूर्वेला, पर्जन्यछायेत. त्यामुळे पूर्वेकडे एक विलक्षण दृश्य तयार होते. खाली ओवेन्स खोऱ्याची जवळजवळ वाळवंटी जमीन, वर चौदा हजार फुटांपर्यंत गेलेली ग्रॅनाइटची शिखरे, आणि मधल्या घळींतून उतरणाऱ्या बर्फाच्या पाण्याच्या ओढ्यांकाठी अ‍ॅस्पेन, विलो आणि कॉटनवूड यांच्या हिरव्या रेषा. आश्विनात याच रेषा पिवळ्या होतात. ३९५ क्रमांकाचा महामार्ग या कड्याच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण जातो, आणि त्याला फुटणारा जवळजवळ प्रत्येक फाटा कोणत्या ना कोणत्या सरोवराशी जाऊन थांबतो.

या कड्यावर रंगाचे पंचांग उंचीप्रमाणे चालते. बिशप क्रीकच्या वरच्या अंगाला नऊ हजार फुटांच्या आसपास नॉर्थ लेक आणि सब्रीना ही सरोवरे आहेत. तेथे सप्टेंबरअखेरीस पाने पिवळी होऊ लागतात. ऑक्टोबरच्या मध्याला रंग कन्व्हिक्ट लेक आणि जून लेकच्या परिसरात, म्हणजे साडेसात-आठ हजार फुटांवर उतरलेला असतो. महिना संपता संपता तो खाली बिशप गावाजवळच्या कॉटनवूडच्या झाडांत पोहोचतो. एका ठिकाणचा बहर चुकला तर हजार फूट खाली उतरावे, तो तेथे वाट पाहत असतो. मात्र एका रात्रीचे वादळ सारा डोंगर उघडा करू शकते, हेही तितकेच खरे.

आता रंग येतो कोठून? उन्हाळाभर पानात हरितद्रव्याचे राज्य असते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री थंडावल्या, की झाड पानातील ही व्यवस्था मोडू लागते आणि त्यातील नायट्रोजनसारखा मोलाचा ऐवज देठाच्या वाटेने परत आत नेते. मग कॅरोटिनॉइड गटातील पिवळी द्रव्ये दिसू लागतात. ती पानात आधीपासूनच असतात. हिरवा पडदा दूर झाला म्हणून ती उघडी पडतात. तांबड्या रंगाची कथा निराळी आहे. अँथोसायनिन हे तांबडे द्रव्य बहुतेक झाडे याच दिवसांत, पानात उरलेल्या साखरेपासून नव्याने घडवतात. लख्ख ऊन आणि थंड, पण न गोठणाऱ्या रात्री असा काळ लाभला, की तांबडा रंग खुलतो. अ‍ॅस्पेन मुख्यतः पिवळे होते. क्वचित एखादा पुंजका नारिंगी किंवा लालसर निघतो आणि सगळ्या डोंगरात उठून दिसतो. या पुंजक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

गुरुजी आम्हांला सांगत, "पान काढण्याआधी त्याचा देठ बघा." अ‍ॅस्पेनचे पान हाती घेतले तेव्हा या वाक्याचा खरा अर्थ मला उमगला. त्याचा देठ गोल नसतो. तो फितीसारखा चपटा असतो, आणि चपटेपणाची दिशा पानाच्या पात्याशी काटकोनात असते. त्यामुळे जराशा झुळकीनेही पान सळसळत थरथरते. शास्त्रीय नावातही या झाडाला 'थरथरणारे' असेच विशेषण आहे. आपल्याकडे पिंपळाला संस्कृतात 'चलदल' म्हणतात, ते याच गुणामुळे. दोन खंडांतील दोन झाडांना दोन भाषांनी एकाच गोष्टीवरून नाव द्यावे, यात भाषेच्या निरीक्षणशक्तीचा केवढा पुरावा आहे!

छायाचित्रकाराला मात्र ही थरथर महाग पडते. फिल्मच्या काळात आमच्यासारख्या निसर्गचित्रकारांची आवडती फिल्म १९९० साली बाजारात आलेली फुजीची 'वेल्व्हिया' होती. तिची संवेदनक्षमता अवघी पन्नास. पहाटेच्या प्रकाशात, जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र बारीक केले, की शटर अर्धा-अर्धा सेकंद उघडे ठेवावे लागे. आणि अर्ध्या सेकंदात पान कितीदा तरी हलून जाई. आजचे डिजिटल कॅमेरे ही अडचण पुष्कळ कमी करतात. तरीही सर्वांत चांगला उपाय जुनाच आहे: वारा सुटण्यापूर्वी तेथे असणे. रात्रभर थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि पहाटेस स्थिर होते. सूर्याने उतार तापवले, की हवा वर चढू लागते आणि सरोवराचा आरसा फुटतो. तेव्हा साऱ्या दिवसाचे चित्र बहुधा त्या एका तासात घडते.

पूर्वाभिमुख कड्याचा आणखी एक लाभ असा, की पहिला किरण सरळ शिखरांवर पडतो. शिखरे गुलाबी होतात, मग केशरी, आणि खाली सरोवर व झाडे अजून निळसर सावलीत असतात. वर-खाली उजेडाचा फरक एवढा असतो, की एकाच चित्रात दोहोंना न्याय देणे फिल्मला जमत नसे. त्यासाठी वरचा भाग काळसर आणि खालचा स्वच्छ अशी क्रमशः फिकट होत जाणारी काच भिंगापुढे धरण्याची रीत होती. बिशपमध्ये स्थायिक झालेले आणि २००२ साली त्याच गावाजवळ विमान अपघातात मृत्यू पावलेले गिर्यारोहक-छायाचित्रकार गेलन रॉवेल यांनी ही काच वापरण्याचे तंत्र लोकप्रिय केले. आता तेच काम दोन-तीन निरनिराळी चित्रे एकत्र जोडूनही करतात. ते करताना एक नियम विसरू नये: पाण्यातील प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा थोडे काळोखे असते, कारण पाणी सगळा प्रकाश परत करीत नाही. प्रतिबिंब शिखराहून उजळ झालेले चित्र पाहिले, की जाणत्या डोळ्याला ते तत्काळ खटकते.

ध्रुवीकरण करणारी गाळणी, म्हणजे पोलरायझर, प्रत्येक जण बाळगतो. ती फिरवावी किती, हे मात्र थोडेच जण पाहतात. ती पानावरची चकाकी काढून टाकते आणि आतला पिवळा रंग खुलवते. परंतु पाण्याकडे विशिष्ट तिरप्या कोनातून पाहत असलो, तर तीच गाळणी प्रतिबिंबही पुसून टाकते आणि तळातले गोटे दिसू लागतात. कधी गोटे हवे असतात, कधी शिखर. डोळा भिंगाला लावून गाळणी हळूहळू फिरवावी आणि हवे ते मिळताच थांबावे. पिवळ्या रंगाची मोजणीही फसवी असते. कॅमेरा उजळ पिवळ्या पानांना मध्यम करड्याच्या पातळीवर ओढतो आणि चित्र मळकट येते. म्हणून पानांवरून मोजणी घेऊन साधारण एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. डिजिटलमध्ये याच्या उलट धोका असतो. पिवळ्यात तांबड्याचा आणि हिरव्याचा अंश मोठा. तांबड्याची नोंद आधी भरून वाहते आणि पानाच्या शिरा नाहीशा होऊन नुसता पिवळा डाग उरतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहण्याची सवय लावली, तर हे टळते.

उन्हाविषयी एकच सांगतो. पान हे पातळ आहे, त्यातून प्रकाश आरपार येतो. सूर्य पाठीशी असेल तर पान रंगवलेल्या कागदासारखे दिसते; सूर्य पानामागे असेल आणि त्यामागे डोंगराची सावली असेल, तर तेच पान दिव्यासारखे पेटते. ढगाळ दिवशी मात्र सरोवर आणि आकाश सोडून कुरणात शिरावे. सिएराच्या उंचावरील कुरणांत लव्हाळे तांबूस-सोनेरी झालेले असतात. योसेमिटीतील टुओलमी कुरणात, सुमारे ८,६०० फुटांवर, सप्टेंबरात घोट्याएवढी बुटकी बिलबेरीची झुडपे किरमिजी होतात आणि जमिनीवर कोणी सतरंजी अंथरल्याचा भास होतो. हे बारीक रंग मऊ प्रकाशातच बोलतात. डॉक्टरकीचे शिक्षण घेऊन पुढे छायाचित्रकार झालेले एलियट पोर्टर यांनी असे जवळचे, विनाआकाश निसर्गचित्र रंगीत छायाचित्रणात रुजवले. १९६२ सालच्या त्यांच्या पुस्तकात थोरोचे शब्द आणि त्यांची चित्रे एकत्र आली. त्याआधी चार वर्षे, १९५८ साली, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी न्यू मेक्सिकोत अ‍ॅस्पेनचे जगप्रसिद्ध चित्र घेतले. तेही पानगळीच्या दिवसांतले, आणि तरी काळ्या-पांढऱ्यात. रंगाच्या हंगामात रंग सोडूनही उजेडाचे सत्य सांगता येते, हे त्या चित्राने दाखवले.

श्रोतेहो, येथवर कौशल्याचा भाग झाला. आता त्या पुंजक्याकडे वळू.

ऑक्टोबरात कॉन्वे खिंडीच्या, म्हणजे सुमारे ८,१०० फुटांच्या माथ्यावरून समोरचा उतार पाहिला, तर अ‍ॅस्पेनचे रान एकसारखे पिवळे दिसत नाही. एक पट्टा पूर्ण पिवळा, त्याला लागून दुसरा अजून हिरवा, तिसरा नारिंगी, आणि त्यांच्या सीमा शेताच्या बांधांसारख्या स्पष्ट. याचे कारण जमिनीखाली आहे. अ‍ॅस्पेन बहुधा बियांपासून वाढत नाही. एकाच मुळाच्या जाळ्यातून फुटवे वर येतात आणि प्रत्येक फुटव्याचे झाड होते. आपल्याला जे शंभर वृक्ष दिसतात, ते पुष्कळदा एकाच जिवाचे शंभर बुंधे असतात. त्यांचा पिंड एक, म्हणून रंगण्याची वेळ एक आणि छटाही एक. उन्हाळ्यात ही कुटुंबे ओळखू येत नाहीत. पानगळीचे छायाचित्र ती वेगळी करून दाखवते.

अशा एका जिवाची कीर्ती जगभर झाली आहे. युटा राज्यात फिश लेक नावाच्या पर्वतसरोवराच्या काठी सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलेले अ‍ॅस्पेनचे एक रान आहे. त्यात सुमारे ४७,००० बुंधे असून ते सारे मिळून एकच नरवृक्ष आहे. १९७०च्या दशकात संशोधकांनी त्याचे एकत्व ओळखले आणि १९९२ साली मायकेल ग्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'पाण्डो' असे लॅटिन नाव सुचवले. अर्थ आहे 'मी पसरतो'. आपला वड पारंब्या टाकून वरून पसरतो, हा खालून पसरतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे गेलो, तर निळे पाणी, पांढरे बुंधे आणि पिवळे छत यांतून कोठूनही उत्तम चित्र मिळते. चित्र पाहणारा म्हणेल, काय हे वैभव!

आता त्याच चित्राच्या खालच्या कडेकडे पाहा. पिवळ्या छताखाली लहान झाडे दिसतात का? रानाच्या मोठ्या भागात ती दिसत नाहीत. फुटवे येतात, पण गुडघ्याएवढे होण्याआधीच खेचर-हरिणे आणि गुरे ते खुडतात. जुने बुंधे आपले आयुष्य पुरे करून पडत आहेत आणि त्यांची जागा घेणारे कोणी वर येत नाही. पॉल रॉजर्स आणि डॅरेन मॅकअव्हॉय यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मांडले. त्यांनी दोन प्रकारचे पुरावे एकत्र आणले: जमिनीवर केलेली मोजणी, आणि १९३९ पासून ७२ वर्षांच्या काळात घेतलेली हवाई छायाचित्रे. त्या छायाचित्रांत रान पाऊल पाऊल विरळ होताना दिसते. ज्या भागाला चांगले कुंपण घातले होते, तेथे मात्र फुटवे माणसाच्या डोक्याच्या वर गेले. म्हणजे मूळ जिवंत आहे; त्याला उसंत हवी आहे. १९३९ साली विमानातून छायाचित्र घेणाऱ्याने हे चित्र पुढे कशास उपयोगी पडेल, याचा विचारही केला नसेल. त्याने फक्त जागा आणि तारीख नोंदवली.

सौंदर्य कधी कधी हानीचीच खूण असते, याचे दुसरे उदाहरण कॉन्वे खिंडीवरूनच दिसते. खाली मोनो हे खारे सरोवर आहे. त्याच्या काठचे चुनखडीचे पांढरे मनोरे छायाचित्रकारांना अतिशय प्रिय आहेत. मीही ते पुष्कळदा टिपले. हे मनोरे पाण्याखाली घडतात. ते एवढ्या संख्येने उघडे पडले, कारण १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने सरोवराला मिळणारे ओढे वळवले आणि १९८२ पर्यंत पातळी सुमारे ४५ फुटांनी उतरली. १९९४ साली राज्याच्या जल मंडळाने सरोवराची पातळी पुन्हा वाढवण्याचा आदेश दिला. चित्रातील प्रत्येक मनोरा पाणी पूर्वी कोठवर होते, हे सांगणारी मोजपट्टी आहे. ज्याला हे माहीत आहे, तो तेच चित्र निराळ्या डोळ्यांनी घेतो आणि खाली तारीख लिहितो.

अ‍ॅस्पेनच्या रानात आणखी एक लेख सापडतो. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरील बास्क प्रदेशातून आलेले मेंढपाळ उन्हाळाभर या कुरणांत एकटे राहत. अ‍ॅस्पेनच्या गुळगुळीत सालीवर ते चाकूच्या टोकाने आपले नाव, गावाचे नाव, साल आणि कधी एखादे घर कोरीत. रेघ बारीक असे. झाड वाढले, की जखम भरून ती काळी आणि रुंद होई. परमुलखात राहणाऱ्या माणसाने आपल्या भाषेत आपले नाव लिहून ठेवावे, ही आस मला वेगळी समजावून घ्यावी लागली नाही. पण अ‍ॅस्पेनचा एकेक बुंधा साधारण माणसाएवढेच, फार तर थोडे अधिक जगतो. बुंधा पडला की लेख गेला. आज त्यांतील पुष्कळ नावे केवळ कोणीतरी वेळेवर घेतलेल्या छायाचित्रांतच उरली आहेत. मेंढरांनी कुरणांची केलेली हानीही याच इतिहासाचा भाग आहे. १८६९ साली जॉन म्यूर मेंढरांच्या कळपाबरोबरच टुओलमीला गेले होते. त्यांनी ती हानी पाहिली आणि पुढे योसेमिटीच्या रक्षणासाठी लेखणी उचलली. १८९० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. एकाच सालीवर माणसाचे एकटेपण आणि कुरणाची झीज, दोन्ही लिहिलेले असतात. छायाचित्रकाराने दोन्ही वाचावे.

यातून मी माझ्यापुरते तीन नियम केले आणि तरुण छायाचित्रकारांपुढे ते ठेवतो. पहिला, प्रत्येक ठिकाणी मनाजोगे चित्र मिळाल्यावर आणखी एक चित्र जमिनीचे घ्यावे, ज्यात नवे कोंब आहेत की नाहीत ते दिसेल. दुसरा, दर वर्षी एका तरी ठिकाणी त्याच दगडावर, त्याच दिशेने, त्याच भिंगाने उभे राहावे. तिसरा, तारीख, जागा आणि उंची लिहावी, आणि संगणकावर रंग वाढवले असतील तर मूळ चित्र सांभाळून ठेवावे. हे काम रुक्ष वाटेल. थोरोने १८५०च्या दशकात कॉन्कॉर्ड गावाभोवतीच्या फुलांची पहिल्या बहराची दिनांकवार टिपणे करून ठेवली होती. दीडशे वर्षांनंतर बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच परिसरात पुन्हा नोंदी घेतल्या, तेव्हा फुले लवकर येऊ लागल्याचे त्या टिपणांशी ताडून सिद्ध झाले. ललित गद्याबद्दल नावाजलेल्या लेखकाची शुष्क टिपणे विज्ञानाच्या कामी आली.

दीनदयाळांचे उदाहरणही याच पंक्तीतले आहे. लेपल ग्रिफिन यांच्या १८८६ सालच्या मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात त्यांची छायाचित्रे आहेत. ग्वाल्हेर, सांची अशी स्थळे तेव्हा कोणत्या स्थितीत होती, हे आज आपण त्यांत पाहतो. ती चित्रे देखणी आहेत आणि दस्तऐवजही आहेत. एक गुण दुसऱ्याच्या आड आला नाही.

मग आपण इंदूरकरांनी काय करावे? सिएराला जाण्याची गरज नाही. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर हे दोन्ही जलाशय २०२२ साली रामसर यादीत आले आहेत. जानापावच्या डोंगरावर फाल्गुनात पळस फुलतो, आणि आपल्याकडच्या रानांत कुसुमाच्या झाडाला चैत्राच्या सुमारास तांबडी लाल नवी पालवी येते. आपल्या रानाचा तांबडा रंग हा जाणाऱ्या पानांचा नसून येणाऱ्या पानांचा आहे, ही गोष्ट मला परदेशातून परतल्यावर अधिक जाणवली. शाळेने नववीच्या मुलांकडे दोन जागा सोपवाव्यात, एक तलावाकाठची आणि एक डोंगरावरची. दर वर्षी ठरलेल्या तिथीला, ठरलेल्या दगडावरून एक चित्र घ्यावे आणि शाळेच्या दप्तरी लावावे. आरंभीच्या खर्चासाठी माझा कॅमेरा आणि ट्रायपॉड मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. पंचवीस वर्षांनी त्या पंचवीस चित्रांची जी किंमत असेल, ती माझ्या हजारो पारदर्शिकांची नसेल.

शेवटी एक विचार, तो मनात आहे म्हणून बोलून टाकतो. होळकरांच्या काळापासून मराठी माणूस माळव्यात आहे. आपली सभागृहे, गणेशोत्सव, व्याख्यानमाला पाहिल्या की वैभवाचा पिवळा बहर दिसतो, आणि तो खराही आहे. परंतु आज या सभागृहात पुढच्या रांगा पांढऱ्या केसांनी भरल्या आहेत. पाण्डोचे चित्र पाहताना जो प्रश्न मी विचारला, तोच येथेही विचारावा लागेल: छताखाली कोंब किती आहेत? घरात मराठी बोलणारी, मराठी वाचणारी मुले किती आहेत, आणि त्यांना वर येण्यासाठी आपण कोणते कुंपण घातले आहे? मूळ जिवंत आहे, अशी माझी श्रद्धा आहे. मुळावर विसंबून मात्र रान टिकत नाही; त्याला दर वर्षी नवे फुटवे लागतात.